कागदी पिशवीला तळ देणाऱ्या मार्गारेट नाइट

गेल्या महिन्यात शाळेच्या मधल्या सुट्टीत खाऊ वाटण्याची पाळी आमची होती. चिवडा आणि लाडू आम्ही लहान तपकिरी कागदी पिशव्यांत भरून आणले होते आणि त्या पिशव्या टेबलावर ओळीने उभ्या केल्या होत्या. बालवर्गातल्या एका मुलाने पिशवी उचलली, उलटी केली, खालून पाहिली आणि विचारले की ही पडत कशी नाही. आम्ही पडलो इंजिनियर. तोऱ्यात सांगितले, हिला सपाट तळ आहे म्हणून. त्यावर त्याचा दुसरा प्रश्न आला, मग तो तळ कोणी लावला? यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. मशीनवर होते रे बाळा, असे काहीतरी पुटपुटून आम्ही लाडू वाटायला घेतले.

घरी आल्यावर मात्र तो प्रश्न पाठ सोडीना. वाचनालयातून पुस्तके आणली, रात्री जागून वाचली, आणि मग ही हकिकत लिहायला बसलो. त्या बाळाला उत्तर देणे आमच्यावर उधार होते. ते आज फेडतो.

पालकांना आपल्या लहानपणीची वाण्याची दुकाने आठवत असतील. वाणी वर्तमानपत्राच्या तुकड्याची पुडी करी, तीत साखर किंवा डाळ ओती, वरून दोरा गुंडाळी आणि टचकन तोडी. ती पुडी हातात सांभाळून आणावी लागे. टेबलावर उभी केली तर आडवी पडणार आणि मुंग्यांना मेजवानी. अमेरिकेतही दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी जवळजवळ हीच अवस्था होती. १८५२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या फ्रान्सिस वोल या गृहस्थांनी कागदी पिशव्या करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले होते खरे, पण त्या पिशव्या पत्राच्या पाकिटासारख्या होत्या. त्यांना खाली तळ नव्हता. सपाट तळाची पिशवी हवी असेल तर ती माणसांनी बसून हातानेच घडी घालून, खळ लावून करायची. म्हणून ती महाग पडे आणि सगळ्या दुकानांना परवडत नसे.

ही अडचण जिने सोडवली, ती मुलगी १४ फेब्रुवारी १८३८ रोजी मेन राज्यातल्या यॉर्क या गावी जन्मली. नाव मार्गारेट एलॉइस नाइट. घरची माणसे तिला मॅटी म्हणत. ती लहान असतानाच वडील वारले आणि आईवर मुलांचा भार पडला. पुढे हे कुटुंब पोटासाठी न्यू हँपशरमधल्या मँचेस्टर गावी आले. तिथे नदीकाठी कापडाच्या मोठमोठ्या गिरण्या उभ्या होत्या.

मॅटीला भातुकलीत आणि बाहुल्यांत रस नव्हता. तिला हवे असायचे खिशातला चाकू, गिरमिट आणि लाकडाचे तुकडे. भावांचे पतंग ती करून देई, बर्फावरून घसरायच्या गाड्या ती करून देई. गावात तिच्या गाड्यांना मोठा मान होता. मुलीच्या जातीला हे शोभत नाही, असे म्हणणारी माणसे तेव्हाही होती. पण आपण मुलांसारखे का नाही, याचे मॅटीला कधी दुःख झाले नाही. तिला एकच खंत होती, की हत्यारे चांगली मिळत नाहीत.

शाळा फार झाली नाही. मॅटी लहान वयातच गिरणीत कामाला लागली. बारा वर्षांची असताना तिने तिथे एक अपघात पाहिला. मागावर उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. गिरणगावात ज्यांचे आजोबा राबले, त्यांना हा शब्द माहीत असेल. या धोट्याच्या टोकाला लोखंड असते आणि तो बंदुकीच्या गोळीसारखा धावतो. एके दिवशी असाच एक धोटा मागातून निसटला आणि एका कामगाराला लागला. मोठी माणसे हळहळली आणि कामाला लागली, कारण असे अपघात नेहमीचेच होते. मॅटी मात्र विचार करत बसली. तिने अशा अपघातांपासून कामगाराचा बचाव करणारे एक साधन शोधून काढले आणि ते गिरण्यांत वापरलेही गेले असे सांगतात. त्याचे पेटंट तिने घेतले नाही आणि त्यातून तिला पैसाही मिळाला नाही. बारा वर्षांच्या गिरणी कामगार मुलीला पेटंट म्हणजे काय हे सांगणार तरी कोण?

मुलांनो, त्याच दशकात, १८५४ साली, मुंबईत कावसजी दावर यांनी कापड गिरणी काढण्याची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली. म्हणजे मॅटी ज्या यंत्रांच्या खडखडाटात वाढली, तोच खडखडाट लवकरच आपल्या मुंबईतही ऐकू येऊ लागला होता.

तरुणपणी मॅटीने पुष्कळ कामे केली. घरांची दुरुस्ती केली, फोटोग्राफी शिकली, धातूवरचे कोरीवकाम केले, खुर्च्यांना गाद्या बसवल्या. प्रत्येक कामात हात चालत होते आणि डोळे शिकत होते. पुढे १८६७ च्या सुमारास ती मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड या गावी गेली आणि कोलंबिया पेपर बॅग कंपनीत नोकरीला लागली. आता ती एकोणतीस वर्षांची झाली होती. तेव्हा आपणही यापुढे तिला अरे-तुरे न करता मार्गारेटबाई म्हणू या. मराठीत ही एक सोय आहे, ती आपल्या मुलांनी विसरू नये.

कारखान्यात मार्गारेटबाईंनी पाहिले की पाकिटासारख्या पिशव्या यंत्रातून भराभर पडतात, पण सपाट तळाच्या पिशव्यांपाशी सगळे अडते. त्या हातानेच कराव्या लागतात. हे काम यंत्राला का जमू नये, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला. तो नेमका किती कठीण होता हे समजायचे असेल तर घरी एक प्रयोग करा.

एक कागद घ्या. दोन कडा एकमेकींवर आणून चिकटवा आणि चपटी नळी करा. आता नळीचे खालचे टोक तीन-चार बोटे वर दुमडा. त्या दुमडलेल्या भागाचे तोंड उघडा आणि वरचा पदर खाली ओढून सपाट दाबा. दोन्ही बाजूंना त्रिकोण तयार होतील. मग खालचा पदर मध्याच्या थोडा पुढे येईल असा दुमडा, वरचा पदर त्याच्यावर दुमडा आणि खळ लावा. झाला तळ. आता पिशवी उघडा आणि उभी करा.

जमले? पहिल्या खेपेला आम्हाला जमले नाही. दुसऱ्या खेपेला जमले, पण पिशवी लंगडी उभी राहिली. आपल्या हाताला दहा बोटे आहेत, डोळे आहेत, चुकले तर थांबण्याची अक्कल आहे. यंत्राकडे यातले काही नाही. कागद रिळावरून सतत पुढे धावतो आहे, त्याची नळी होते आहे, आणि त्या धावत्या कागदाला न फाडता एकामागून एक तीन घड्या घालायच्या, योग्य क्षणी खळ लावायची आणि योग्य जागी कापायचे. एक घडी पाव इंच चुकली की पुढच्या सगळ्या चुकणार. आम्ही प्रोग्रॅम लिहितो तेव्हा दुसरी पायरी पहिलीवर आणि तिसरी दुसरीवर अवलंबून असते. मार्गारेटबाईंनी हा सगळा क्रम लोखंडी पट्ट्या, चाके आणि सुऱ्या यांच्यात लिहिला. तोही विजेचे दिवे घरोघरी येण्याच्या अगोदर.

त्या दिवसा नोकरी करत आणि रात्री ड्रॉइंग काढत. वहीत प्रत्येक कल्पना टिपून ठेवत. कागदाचे नमुने करून पाहत, ते बिघडले की पुन्हा करत. १८६८ मध्ये त्यांनी यंत्राचे लाकडी मॉडेल तयार केले. ते डळमळीत होते, पण त्यातून सपाट तळाच्या पिशव्या खरोखर बाहेर पडत होत्या. पेटंटसाठी अर्ज करायचा तर आता पक्के लोखंडी यंत्र करून घ्यायला हवे होते. म्हणून त्या बॉस्टनला गेल्या आणि तिथल्या वर्कशॉपमध्ये काम सुरू केले.

इथेच घात झाला. यंत्र तयार होत असताना चार्ल्स ॲनन नावाचा एक माणूस त्या वर्कशॉपमध्ये आला. त्याने यंत्र पाहिले, नीट न्याहाळले आणि निघून गेला. काही काळाने मार्गारेटबाईंनी पेटंटसाठी अर्ज केला, तर तो नाकारला गेला, कारण तशाच यंत्राचे पेटंट ॲननच्या नावाने आधीच दिले गेले होते.

या ठिकाणी पुस्तक मिटून आम्ही थोडा वेळ बसून राहिलो. पुष्कळ वर्षांपूर्वी, एका जुन्या नोकरीत, आम्ही एक कल्पना जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याला हौसेने सांगितली होती. दोन आठवड्यांनी तीच कल्पना मीटिंगमध्ये त्याच्या तोंडून, त्याच्या नावाने ऐकली. सगळ्यांनी वाहवा केली. आम्ही तोंड उघडले नाही. उघडून सांगणार काय? आमच्याजवळ तारीख घातलेला कागदाचा एक चिटोराही नव्हता. घरी येऊन चडफडलो आणि जेवून झोपलो. आज कबूल करायला हरकत नाही, की आम्ही घाबरलोही होतो. नवा देश, नवी नोकरी, व्हिसाची काळजी. उगाच वाद कशाला, असे स्वतःला समजावले.

मार्गारेटबाईंनी असे समजावले नाही. त्या जेवून झोपल्या नाहीत, लढल्या. १८७० मध्ये त्यांनी पेटंट कार्यालयात ॲननविरुद्ध दावा लावला. त्या काळी अमेरिकेत बायकांना मतदानाचा हक्कही नव्हता, तो देशभर मिळायला १९२० साल उजाडले. मार्गारेटबाई अविवाहित, कारखान्यात काम करून पोट भरणाऱ्या. तरीही त्यांनी वकील केला आणि त्याला दिवसाला १०० डॉलर, वर खर्च, असे द्यायचे कबूल केले. साक्षीपुरावे सोळा दिवस चालले. म्हणजे नुसती फीच १६०० डॉलर झाली. त्या काळच्या कामगाराला वर्षानुवर्षे राबूनही एवढी रक्कम शिल्लक टाकता येत नसे.

या खटल्याच्या गोष्टीत नेहमी सांगितले जाते, की ॲननने बचावात असा मुद्दा काढला की एवढे गुंतागुंतीचे यंत्र बाईच्या डोक्यातून निघणेच शक्य नाही. मार्गारेटबाईंनी यावर भाषण केले नाही. त्यांनी वह्या आणल्या. ड्रॉइंग आणली. कागदाचे नमुने आणि मॉडेल आणले. पहिली कल्पना कधी सुचली, पहिली घडी कधी जमली, लाकडी यंत्र कधी चालले, हे सगळे त्यांनी क्रमाने दाखवले. ज्यांनी त्यांना काम करताना पाहिले होते अशा माणसांच्या साक्षी झाल्या. ॲननच्या आधीच्या तारखा एकामागून एक पुढे येत गेल्या. निकाल मार्गारेटबाईंच्या बाजूने लागला आणि ११ जुलै १८७१ रोजी त्यांना पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक १,१६,८४२. तेव्हा त्या तेहतीस वर्षांच्या होत्या.

पुढे एका भागीदाराबरोबर त्यांनी कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड इथे ईस्टर्न पेपर बॅग कंपनी उभी केली. १८७९ मध्ये त्यांनी सुधारलेल्या यंत्राचे आणखी एक पेटंट घेतले. या दुसऱ्या यंत्राचे छोटे मॉडेल वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात जपून ठेवले आहे. चार वर्षांनी, १८८३ मध्ये, चार्ल्स स्टिलवेल यांनी दोन्ही बाजूंना चुण्या असलेल्या पिशवीच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्या चुण्यांमुळे पिशवी सपाट मिटते आणि एका झटक्यात उघडून उभी राहते. म्हणजे आपल्या चिवड्याच्या पिशवीचा तळ मार्गारेटबाईंकडून आला आणि बाजूच्या चुण्या स्टिलवेलकडून. कुठलीही चांगली वस्तू एका माणसाच्या डोक्यातून पूर्ण निघत नाही, हेही मुलांनी लक्षात ठेवावे.

मार्गारेटबाई पिशवीवर थांबल्या नाहीत. कपडे घामाने खराब होऊ नयेत म्हणून लावायचे अस्तर, स्वयंपाकघरातली मांस भाजण्याची सळई, खिडकीची चौकट, आकडे छापणारे यंत्र, बुटांचे चामडे कापणारी यंत्रे, अशा कितीतरी गोष्टींची पेटंटे त्यांनी घेतली. साठी उलटल्यावर त्या मोटारीच्या इंजिनाकडे वळल्या. त्या काळात गाजलेले सायलेंट नाइट हे इंजिन मात्र त्यांचे नव्हे. ते चार्ल्स येल नाइट या दुसऱ्याच गृहस्थांचे. नुसते आडनाव सारखे. पंचाहत्तरीतही मार्गारेटबाई दिवसाचे बहुतेक तास कामात असतात, असे वर्तमानपत्रांत छापून येत असे.

१२ ऑक्टोबर १९१४ रोजी बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावी त्या वारल्या. वय शहात्तर. पंचवीसहून अधिक पेटंटे नावावर असलेल्या या बाईंच्या मागे मालमत्ता उरली ती २७५ डॉलर आणि ५ सेंटची. शोधांचे हक्क त्या विकत गेल्या आणि आलेला पैसा बहुधा पुढच्या शोधात घालत गेल्या. पैसा जोडण्याची विद्या त्यांना आली नाही, किंवा तिच्यात त्यांना रस नव्हता. २००६ मध्ये नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव घेतले गेले. तोवर त्यांना जाऊन ब्याण्णव वर्षे झाली होती.

फ्रेमिंगहॅममधल्या त्यांच्या घरावर एक पाटी आहे. अमेरिकेत पेटंट मिळवणारी पहिली स्त्री आणि ८७ पेटंटांची धनी, असे तीवर त्यांचे वर्णन आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. मेरी कीज या बाईंनी १८०९ मध्येच पेटंट मिळवले होते, आणि मार्गारेटबाईंच्या पेटंटांची संख्या पाटीवरच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी आहे. जिने आयुष्यातली सगळ्यांत मोठी लढाई अचूक तारखांच्या जोरावर जिंकली, तिच्या दारावर चुकीचे आकडे असावेत, याची आम्हाला गंमतही वाटली आणि वाईटही वाटले. त्यांचे मोठेपण दाखवायला खोट्याची गरज नव्हती.

हा लेख लिहिताना आमची मुलगी शेजारी बसून अभ्यास करत होती. तिने विचारले, की त्या कॉलेजात गेल्या नाहीत, मग त्यांना इंजिनियर म्हणायचे का? आमच्या भिंतीवर पदवीचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले आहे. ते मिळवण्यासाठी आई-वडिलांनी काय खस्ता खाल्ल्या, हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून त्याला आम्ही हलके लेखणार नाही. पण कामगाराला धोटा लागला तेव्हा बाकीचे हळहळले आणि मॅटीने विचार केला. इंजिनियर म्हणायचे ते याच सवयीला. पदवी ही सवय वाढवते, पण नसलेली निर्माण करू शकत नाही. मुलीला आम्ही म्हटले, हो, म्हणायचे, आणि आमच्या आधी त्यांना म्हणायचे. दुसऱ्या दिवशी तिने आमच्याकडे एक कोरी वही मागितली. कशाला, ते तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

आता बालवर्गातल्या त्या बाळासाठी उत्तर. पिशवीला तळ मार्गारेट नाइट नावाच्या आजींनी लावला. त्या तुझ्याएवढ्या असताना लाकडाचे तुकडे तासत बसायच्या.

आणि सर्व मुलांसाठी गृहपाठ. वर सांगितल्याप्रमाणे घरी एक पिशवी करा आणि पुढच्या रविवारी वर्गात आणा. लंगडी उभी राहिली तरी चालेल. मात्र तळाशी आपले नाव आणि ज्या दिवशी केली त्या दिवसाची तारीख मराठीत लिहायला विसरू नका. खाऊ आम्ही त्याच पिशव्यांत भरून देऊ.